गुणाचं लेकरू

मैदानातून गलका उठला आणि कापूस तोलायच्या काट्याच्या ओट्यावर बायकांच्या मांड्यांवर निजलेली लेकरं एकदम दचकून जागी झाली. अंबूबाईच्या नातीनं मुठी आवळून टाहो फोडला, ओव्हरसियरांच्या घरचं तान्हं लालबुंद झालं, कोपऱ्यातली दोन जुळी एकमेकांच्या नादानं रडू लागली. वच्छलेच्या मांडीवरचा शालिग्राम तेवढा निजलेलाच राहिला. एक हात डोक्याशी, तोंड किंचित उघडं, वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब. गलका वाढला, त्यात घासलेटचे डबे बडवायला सुरुवात झाली, ओट्याच्या अगदी खाली कुणीतरी बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, आणि ह्याच्या पापण्या जशाच्या तशा. अंबूबाई नातीला थोपटता थोपटता वाकून म्हणाली, "कसं गुणाचं लेकरू हाय वो मास्तरीणबाई. आमची पाहा, जशी काही इचू चावला." बाकीच्या बायकांनी माना पुढे करून पाहिलं आणि कौतुकानं हसल्या. वच्छलाही हसली. आठ महिने ती ह्या वाक्याला हसत आली होती. आज हसताना गालांचं कातडं कुणी ओढल्यासारखं तिला जाणवलं.

कापसाचा हंगाम सरला की खामगावच्या जिनाचं, सरकी काढायच्या कारखान्याचं, आवार मोकळं होई. पाच महिने जिथे कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागत तिथली जमीन वैशाखात झाडून, पाणी मारून, चुन्याच्या रेघा आखून हुतूतूचं मैदान होऊन जाई. मालकांना खेळाचा नाद. जिनाच्या हजेरीपटावर फिटर, तेलवाला, जमादार म्हणून जे आठ-दहा आडदांड गडी होते त्यांनी हंगामातसुद्धा कधी यंत्राला हात लावलेला कुणी पाहिला नव्हता. त्यांची नोकरी एकच, घरच्या मैदानावर हरायचं नाही. आणि ते हरू नयेत ही काळजी त्यांच्यापेक्षा गावालाच जास्त. सामन्याच्या दिवशी बाजारात चार वाजताच दुकानांना फळ्या लागत, आणि कारकुनांच्या, मास्तरांच्या बायकांसाठी हा काट्याचा ओटा सतरंजी घालून राखून ठेवत. गावाची ओरडायचीही एक रीत होती. आपला गडी चढाईवर गेला की मैदान गप्प. दोन हजार माणसं जागच्या जागी थिजत, कारण गड्याचा हुतूतूतू हा दम पंचाला अखंड ऐकू आला पाहिजे. मध्ये तुटला, किंवा ऐकूच आला नाही, तर गडी बाद. आणि पाहुण्यांचा गडी मधली रेघ ओलांडून आला की तीच माणसं अशी फुटत की त्याचा दम त्याचा त्यालासुद्धा ऐकू येऊ नये. ह्या सगळ्याचा सूत्रधार जिनाचा काटेवाला पंजाबराव. तो सोडलेल्या बैलगाडीवर उभा राही. त्यानं उपरणं वर केलं की गर्जना, खाली केलं की शांतता. "माणूस नाही थो," अंबूबाई म्हणे, "नळाची तोटी हाय."

आज पाहुणे जानेफळचे होते. शेतातली कामं टाकून आलेले, उन्हानं करपलेले, आपली भाकरी आपणच बांधून आणलेले गडी. त्यांच्यातला मोतीराम म्हणून एक किडकिडीत गडी सगळ्यांच्या तोंडी होता. त्याचा दम लांब, पण आवाज अगदी बारीक. जानेफळात त्याची चढाई असली की गाव मुकाट होतं आणि तो दम मारुतीच्या पारापर्यंत ऐकू येतो, असं वच्छलेच्या नवऱ्यानं, वामनरावांनी, सकाळी जेवताना सांगितलं होतं. वामनराव हायस्कुलात सायन्स शिकवत आणि सामन्यांना पंच म्हणून उभे राहत. त्यांच्या कानाची ख्याती होती. दोन्ही गावांना चालेल असा पंच हवा असला की लोक वामन मास्तरांकडे येत. "गलका बंद करता येत नाही," ते ताक पिता पिता म्हणाले होते, "पण त्याच्या आतून ऐकता येतं. एक तार धरायची आणि सोडायची नाही." सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या, "लहानपनापासूनच ह्याचा कान तिखट. मी डब्यातून गुळाचा खडा काढला का अंगणातून धावत ये." वामनराव हसले होते आणि पाळण्यातल्या मुलाकडे पाहून म्हणाले होते, "कान माझेच घेतलेत त्यानं. पाळी बघ, तश्शी." वच्छलेनं कानाची पाळी पाहिली होती. खरंच तशी होती.

पंजाबरावानं उपरणं खाली केलं. आपला गडी चढाईवर गेला आणि ती सगळी जागा एका क्षणात रिकाम्या घरासारखी झाली. आता जुळ्यांचं मुसमुसणं ऐकू येत होतं, गड्याचे पाय मातीत घसरल्याचं ऐकू येत होतं, आणि त्याचा तो जाडाभरडा हुतूतूतू, जणू जात्यात काही भरडतंय. वच्छला मैदानाकडे पाहत नव्हती. ती मुलाच्या पापण्यांकडे पाहत होती आणि मनातल्या मनात एकेक पुरावा पुन्हा पुढ्यात मांडत होती. पहाटे जिनाचा भोंगा होतो तेव्हा तो उठत नाही. पण कितीतरी मुलं भोंग्याला सरावतात. मागच्या महिन्यात पितळी परात तिच्या हातून फरशीवर पडली तेव्हा त्यानं मान वळवली नाही. पण तो पीत होता, पिताना मुलांना दुसरं भान नसतं. संक्रांतीच्या सुमारास एकदा दार धाडकन आपटलं आणि तो दचकला होता. त्या दिवशी ती इतकी हरखली की तिनं कारण नसताना शिरा केला. सासूबाई म्हणाल्या, आज काय हाय? ती म्हणाली, सहज. कितीतरी दिवस तिनं ते दार जवळ बाळगलं. भीती वाटली की ती त्या दाराकडे परत जाई, तो दचकला होता, त्याला ऐकू येतं. मग एकदा पुन्हा तसंच दार वाऱ्यानं आपटलं आणि तिनं लक्ष देऊन पाहिलं. आधी वाऱ्याचा झोत त्याच्या तोंडावर आला, झबल्याचे बंद उडाले, आणि तो दचकला. दार त्याच्यानंतर आपटलं.

तिच्या नजरेतून सुटत काही नसे, हेच वाईट होतं. सहाव्या महिन्यापर्यंत तो घुटर्र घुटर्र करी, बोबडं काहीबाही बोले, सासूबाई त्याच्याशी तासन् तास गप्पा मारत. हल्ली ते कमी झालं होतं. कमी झालंय हे घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो तोंडांकडे पाहत असे. बोलणाऱ्याच्या ओठांकडे असा टक लावून पाही की पाहणाऱ्याला कौतुक वाटावं, आणि तोंड फिरवलं की त्याच्यापुरतं ते माणूस संपून जाई. बारशाच्या दिवशी नणंदेनं पाळण्यात वाकून त्याच्या कानात मोठ्यानं कुर्रर्र केलं, नाव सांगितलं, आजोबांचंच नाव, शालिग्राम. बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले, हशा झाला, टाळ्या झाल्या, आणि तो समईच्या ज्योतीकडे शांतपणे पाहत होता. "समजदार हाय," म्हणाल्या होत्या बायका. "शालिग्राम तो शालिग्रामच. देवाऱ्यात ठेवला तसा राह्यते." तेव्हाही ती हसली होती. पण त्या रात्री तिला वाटलं होतं की त्याला अजून नाव मिळालेलं नाही. नाव हवेत उच्चारलं गेलं आणि तिथेच विरून गेलं.

एकदा स्पष्ट पाहून घ्यावं, हे तिच्या मनात महिनाभर होतं. शिकलेली होती ती. मागे उभं राहून जोरानं हाक मारायची, एवढंच करायचं होतं. पण घर तीन खोल्यांचं, भिंती कुडाच्या, सासूबाई ओसरीत, शेजारी अंबूबाई, आणि संध्याकाळी ते कानवाले वामनराव. आठ महिन्यांच्या लेकराच्या कानाशी किंचाळणाऱ्या आईला लोक काय म्हणतील? आणि खरं तर लोकांचं भय हा बहाणा होता. पाहिलं की कळेल, आणि कळलं की मग ते दुसरं बोलावं लागेल, जे ती सव्वा वर्ष दाताखाली धरून बसली होती.

मोतीराम चढाईवर आला. पंजाबरावाचं उपरणं वर गेलं आणि सगळ्या बाजूंनी आवाज अंगावर कोसळला. वच्छलेनं डोळे मिटले. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. सामन्याला ती आज पहिल्यांदाच आली होती, तरी होता. अमरावतीला, परीक्षेच्या दालनात, तीनशे मुलं आणि नऊ मुली खाली मान घालून लिहीत असताना, जिथे पानांच्या सळसळीखेरीज काही नव्हतं, तिथे तिच्या दोन्ही कानांत हीच गर्जना भरलेली होती. असंच जत्रेसारखं, असंच डबे बडवल्यासारखं. पर्यवेक्षक जवळ येऊन काही म्हणाले ते तिला ऐकू आलं नव्हतं. त्यांनी मग खडूनं फळ्यावर वेळ लिहून दाखवली होती. हिवतापावरच्या कोयनेलनं कान वाजतात हे तिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असतं. चार दिवसांनी थांबतं.

लग्न झालं तेव्हा तिचं बी. ए.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. "पदवी काय चुलीत घालाची हाय? लाकडं भिजली त कामी येईन." पण सासरे तेव्हा होते आणि ते म्हणाले, पोरीचं घोडं इतक्यापर्यंत आलंच आहे तर जाऊ द्या पुढे. वामनरावांनी दिवाळीनंतर तिला अमरावतीला नेऊन घातलं. माहेरी आई नव्हती, वडील सकाळी दहाला कचेरीत जात ते दिवेलागणीला येत. माघात तिच्या लक्षात आलं की दिवस गेले आहेत. सांगायला कुणी नव्हतं, आणि सांगावंसं वाटत नव्हतं. सांगितलं की उद्याच्या गाडीनं सासूबाई येऊन घेऊन जातील. परीक्षेला दीड महिना होता. फाल्गुनात हिवताप उलटला. दर एक दिवसाआड दुपारी दात वाजायला लागत आणि गोधड्यांचा ढीग अंगावर घेऊन ती लॉजिकची टिपणं पाठ करी. वडील तिला दवाखान्यात घेऊन गेले आणि बाहेर बाकावर बसले. डॉक्टर घाईत होते. चिठ्ठीवरून मान वर न करता त्यांनी विचारलं, "दिवस वगैरे नाहीत ना?" आणि ती म्हणाली, "नाही." एवढाच शब्द. तिला आठवतं, तो म्हणताना तिला काहीच जड गेलं नाही. भाजीवाली विचारते कोथिंबीर हवी का आणि आपण नाही म्हणतो, तसं. गोळ्या सकाळी एक, संध्याकाळी एक. तिनं दोन-दोन घेतल्या, कारण पेपरच्या दिवशी पाळी येणार होती तापाची, आणि शेवटच्या तीन दिवसांत तीन-तीन. ताप आला नाही. ती पास झाली. नागपूर विद्यापीठाचा शिक्का असलेला तो जाड कागद वामनरावांनी काच लावून बैठकीत टांगला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला.

परीक्षा देऊन खामगावला आल्यावर, पाचव्या महिन्यात, नवऱ्याच्या कपाटातल्या एका घरगुती वैद्यकाच्या पुस्तकात तिनं ते वाक्य वाचलं. गरोदरपणी कोयनेल बेतानंच द्यावं, मात्रा जास्त झाल्यास आईच्या आणि गर्भाच्या कानांस. वाक्य पुढच्या पानावर जात होतं. तिनं पान उलटलं नाही. पुस्तक होतं तिथे ठेवलं आणि वरून दुसरी दोन पुस्तकं ठेवली. म्हणजे तेव्हापासून तिला माहीत होतं. बारशाला माहीत होतं, शिरा केला तेव्हा माहीत होतं, आणि "गुणाचं लेकरू" म्हटल्यावर हसताना दर वेळी माहीत होतं. तिचे कान चार दिवसांत पूर्ववत झाले होते. त्याचे तेव्हा कुठे घडत होते.

मोतीराम गडी मारून परत गेला. वामनरावांनी त्याचा दम ऐकला होता. बाद देणारा त्यांचा हात खालीच राहिला आणि सगळं मैदान चडफडलं. ओट्याखालून कुणी ओरडलं, "मास्तर, खामगावचं मीठ खाता ना बे?" हशा पिकला. वामनराव ढळले नाहीत. मधल्या रेघेशी अंगरख्याच्या बाह्या वर सारून, मान एका बाजूला किंचित कलती करून ते उभे होते. ऐकताना त्यांची मान अशीच कलते. डोळे उघडे असतात पण कशावरही नसतात. वच्छलेला त्या कलत्या मानेची एकाएकी इतकी भीती वाटली की तिनं मुलाला पदराखाली घेतलं.

खेळ सरत आला तेव्हा दोन्ही बाजू बरोबरीत होत्या. बायका आता बसून राहिल्या नव्हत्या. ओव्हरसियरांची पुष्पाबाई, जी एरवी नवऱ्याचं नाव घ्यायलासुद्धा पाच मिनिटं लाजते, ती गुडघ्यांवर उभी राहून दोन्ही मुठी हलवत होती. मोतीराम शेवटच्या चढाईला निघाला. पंजाबरावानं उपरणं नुसतं वर केलं नाही, गरगर फिरवलं, आणि खालून, गाडीच्या साट्यांवरून, भिंतीवरून, जिनाच्या पत्र्यावरून एकच आवाज निघाला. त्याला शब्द नव्हते. ओटा पायाखाली थरथरला. "वरडा ना मास्तरीणबाई," अंबूबाई तिच्या कानाशी येऊन ओरडली, "लाजता काऊन? कोन ऐकते इथं?"

कोण ऐकतंय इथे. वच्छलेनं मुलाला मांडीवरून उचललं, छातीशी धरलं, आणि त्याच्या उजव्या कानावर तोंड ठेवलं. त्या कोवळ्या वळ्यांतून तेलाचा वास येत होता. आधी ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, शालिग्राम. मग मोठ्यानं. मग तिनं असेल नसेल तेवढा आवाज लावला. लहानपणी विहिरीत वाकून हाक मारी तशी, पोटातून, गळ्याच्या शिरा ताणून, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा नाव घेताना तिच्या आवाजाच्या चिरफळ्या झाल्या. तिला स्वतःला काही ऐकू येत नव्हतं. घसा सोलवटल्याचं तेवढं कळलं. बाजूच्या बायका तिच्याकडे पाहून खूश झाल्या, पुष्पाबाईनं तिच्या खांद्यावर थाप मारली. शालिग्राम निजलेला होता. तिचा गरम श्वास त्याच्या गालाला लागला होता म्हणून त्याचे ओठ दोनदा चोखल्यासारखे हलले, आणि तो झोपेतच हसला.

तिनं मान वर केली तेव्हा तिला दिसलं की मधल्या रेघेशी उभ्या असलेल्या वामनरावांनी मान वळवली आहे आणि ते ओट्याकडे पाहताहेत. नीट तिच्याकडेच. क्षणभरच. मग त्यांनी मान मैदानाकडे फिरवली, पुन्हा कलती केली, तशी धरून ठेवली, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. मोतीराम दोन गड्यांच्या हातांतून सुटून रेघेकडे झेपावला होता, त्याची बोटं रेघेला लागली होती. वामनरावांचा हात वर गेला. दम तुटला, गडी बाद.

त्यानंतर जे झालं ते वच्छलेनं पुढे पुष्कळदा आठवून पाहिलं. मोतीराम भांडला नाही. तो उठला आणि वामनरावांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. त्यानं दम सोडलेला नव्हता. बाद दिल्यावरही त्याचे ओठ हलत होते, गळ्याची घाटी थरथरत होती, तोच दम, अजून तोच, ऐका असं म्हणत असल्यासारखा तो तसाच उभा होता, चेहरा काळवंडत चालला होता, आणि लोक कुंपण तोडून आत घुसत होते, गुलाल उधळत होते, नाचत होते. ओट्यावरून तिला नुसते हलणारे ओठ दिसत होते. किती तोंडं उघडी होती त्या मैदानात, आणि कुठल्याही तोंडातून काही बाहेर येत नव्हतं. तिनं मांडीवर पाहिलं. शालिग्राम जागा झाला होता. ओटा हलला म्हणून, की पोटात भूक उठली म्हणून, कोण जाणे. तो समोरच्या त्या उघड्या तोंडांकडे मन लावून पाहत होता. मग मोतीरामच्या अंगातली हवा संपली आणि तो खाली बसला.

दिवेलागणीला वामनराव घरी आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर कुणीतरी टाकलेला गुलाल होता. सासूबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "जितले म्हंते आपले. सारी गल्ली नाचून राह्यली. मंग तुह्यं तोंड काऊन असं एरंडेल पेल्यावानी?" ते म्हणाले, "काही नाही, माय." पाय धुतले, आणि बैठकीत येऊन गुलाल न झटकताच बसले. वच्छला कंदिलाची काच पुसत होती. शालिग्राम सतरंजीवर लाकडी चाटू चोखत बसला होता. स्वयंपाकघरातून थापण्याचा आवाज येत होता, थप थप थप, मग काठवट सरकल्याचा, मग पुन्हा थप थप.

"तू ओरडलीस," ते म्हणाले.

तिनं काच खाली ठेवली.

"एवढ्या लोकांत तुझा आवाज मला कळला. मी त्याच्या दमावर होतो. बारीक होता, पण होता. तुझा आवाज आला तो असा आला की मला वाटलं तुला काहीतरी झालं. मान वळली माझी. परत वळलो तर मला तो सापडेना. तुटला होता की माझ्याकडून सुटला होता, ते मला आता कधीच कळायचं नाही. आणि मी हात वर केला. सगळे म्हणत होते तुटला, म्हणून केला." ते आपल्या तळहाताकडे पाहत होते. "बारा वर्षांत असं केलं नव्हतं. काय ओरडत होतीस?"

तिला एक वाट दिसली. सगळ्याजणी ओरडत होत्या म्हणून मीही ओरडले, आपलं गाव जिंकावं म्हणून. ते रागावले असते, मग हसले असते, चार दिवसांनी अंबूबाईला सांगितलं असतं, आमच्या बी. ए. बाईंनी आम्हाला खोटा निकाल द्यायला लावला. ते म्हणायला काहीच जड जाणार नव्हतं. भाजीवालीला नाही म्हणावं तसं. तोच हलकेपणा तिला जिभेवर ओळखू आला आणि ती घाबरली.

"शालिग्रामला हाक मारली," ती म्हणाली.

"तो तर मांडीवर होता तुझ्या."

"हो. कानाशी तोंड लावून मारली. होता तेवढा आवाज लावून. तुम्हाला तिथे ऐकू गेली. तो उठला नाही."

बराच वेळ वामनरावांना अर्थ लागला नसावा, किंवा लागला होता आणि ते तो बाजूला ठेवू पाहत होते. मग ते उठले, मुलाच्या मागे जाऊन उकिडवे बसले आणि एक टाळी वाजवली. शालिग्राम चाटू चोखत होता. त्यांनी पुन्हा वाजवली. मग वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचतो त्या आवाजात नाव घेतलं. मग हळू आवाजात, मग आणखी हळू. जणू तो कुठेतरी दूर आहे आणि त्यांना त्याला हाक मारायची नसून त्याच्याकडून काही यायचं आहे, ते ऐकायचं आहे. त्यांची मान कलती झाली होती. वच्छलेला पाहवेना.

"टाळ्या काऊन वाजवून राह्यला रे?" आतून सासूबाई म्हणाल्या. "जितल्याचं आता याद आलं काय?"

"खेळवून राह्यलो, माय," ते म्हणाले. त्यांचा आवाज सरळ होता. मुलानं मागे हात घातला, त्याला वडिलांचा गुडघा लागला, आणि तो वळून आनंदानं हसला. वामनरावांनी त्याला उचलून घेतलं. त्याच्या कानाच्या पाळीवरून अंगठा फिरवत ते कितीतरी वेळ उभे राहिले.

"उद्या जानेफळला जाऊन येतो," ते म्हणाले. "मोतीरामला सांगून येतो की मी ऐकलं नाही. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. पंजाबराव मला गावात राहू देतो का नाही ते पाहू." मग थोड्या वेळानं, तिच्याकडे न पाहता, "तू जिवाला लावून घेऊ नको. अकोल्याला कुणाला तरी दाखवू. जन्मतः असतं एखाद्याचं. त्याला कोण काय करणार? कुणाचा दोष थोडाच आहे."

एवढ्या प्रेमानं ते म्हणाले की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ह्या वाक्यात राहता आलं असतं. एका माणसाचं आयुष्य सहज निघेल एवढी जागा त्यात होती. ती सकाळी उठली असती, पाणी भरलं असतं, त्याला अकोल्याला नेलं असतं, आणि लोक म्हणाले असते, बिचारी, काय धीराची आहे. उद्या हे पहाटे उठून वीस कोसांवर एका अनोळखी गड्यापुढे जाऊन उभे राहणार, सांगणार, मी ऐकलं नाही. तिला त्यांचा हेवा वाटला. त्यांची चूक आज संध्याकाळची होती. तिला वीस कोस जायचं नव्हतं, सतरंजीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं होतं.

ती बोलली. आपण बोललो असं तिला वाटलं. घसा मघाचा बसलेला होता, शब्द ओठांच्या आतच घासून विझत गेले. आतून भाकरीचा थप थप थप आवाज येत होता.

वामनरावांनी मान तिच्याकडे कलती केली. "काय म्हणालीस? ऐकू आलं नाही."

तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. चुलीचा उजेड उंबरठ्यावर पडला होता आणि त्यात सासूबाईंच्या हातांची सावली खालीवर होत होती. उठून दार लोटून घेता आलं असतं. ती उठली नाही.

"दिवस गेले होते तेव्हा मला," ती मोठ्यानं म्हणाली, "परीक्षेच्या वेळी. डॉक्टरांनी विचारलं, मी नाही म्हणून सांगितलं. कोयनेल घेतलं. सांगितलं होतं त्याच्या दुप्पट, तिप्पट घेतलं. कान वाजत होते माझे, तरी घेतलं."

आत भाकरी थापणं थांबलं. सावली तिथेच उंबरठ्यावर राहिली. वच्छला थांबली नाही, ती बोलत राहिली.